संस्थेचें दप्तर आणि परक्या हातची किल्ली

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक सर्व गृहस्थ कोणत्या ना कोणत्या सहकारी संस्थेचे सभासद आहेत. सोसायटीचें पीककर्ज, कारखान्यास घातलेल्या उंसाचें वजन, दूध संस्थेंतील दुधाचें माप व फॅट, ह्या सर्वांचा हिशेब पूर्वीं कापडांत बांधलेल्या वह्यांत असे. आतां तो संगणकांत असतो. वही कोणाही साक्षर मनुष्यास उघडून वाचतां येत असे. संगणकांतील हिशेब मात्र ज्या आज्ञावलीनें लिहिला तिच्यावांचून साधारण सभासदास वाचतां येत नाहीं. ती आज्ञावली कोणत्या साधनानें घडविली, त्या साधनाचा मालक कोण, आणि तो त्याची निगा अद्यापि राखतो कीं नाहीं, हे प्रश्न वार्षिक सभेंत सहसा कोणी विचारीत नाहीं. ते विचारले पाहिजेत, हें सांगण्याकरितां हा लेख आहे.

सुतार वाकस व रंधा घेऊन औत घडवितो, त्याप्रमाणें आज्ञावली लिहिणारा कारागीरही एखादें तयार साधन हातीं घेऊनच काम करितो. भेद इतकाच कीं, सुतारानें वाकस विकत घेतला म्हणजे तो त्याचा झाला. मोडला तर गांवचा लोहार तो नीट करून देतो. आज्ञावलीचें साधन पुष्कळदां एकाच कंपनीच्या खाजगी मालकीचें असतें. त्याची आंतील रचना गुप्त असते, आणि तें पुढें चालवावयाचें कीं बंद करावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार केवळ त्या कंपनीस असतो.

ह्याचें ठळक उदाहरण फॉक्सप्रो हें होय. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांतल्या फॉक्स सॉफ्टवेअर नांवाच्या लहानशा कंपनीनें तें १९८९ सालीं बाजारांत आणलें. त्यापूर्वीं ह्या क्षेत्रांत अ‍ॅश्टन-टेट कंपनीच्या डीबेस ह्या साधनाचा दबदबा होता. फॉक्सप्रो त्याच पद्धतीचें, परंतु अधिक जलद होतें. पुढें १९९१ सालीं अ‍ॅश्टन-टेट कंपनी बोर्लंड कंपनीनें विकत घेतली, आणि १९९२ सालीं फॉक्स सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या हातीं गेली. म्हणजे अवघ्या दोन वर्षांत दोन्ही साधनांचे धनी बदलले. ज्यांचे हिशेब त्यांवर चालत होते, त्यांस मात्र कोणी विचारलें नाहीं.

आपल्या देशांत १९९० नंतरच्या दशकांत अनेक संस्थांचे हिशेब, पगारपत्रकें व सांठ्याच्या नोंदी संगणकावर आल्या, त्या वेळीं फॉक्सप्रो शिकलेले कारागीर जागोजागीं मिळत. साधन सोपें होतें व साध्या यंत्रावर चालत असे. १९९५ सालीं त्याची व्हिज्युअल फॉक्सप्रो ही नवी आवृत्ति निघाली व २००४ सालीं नववी. मार्च २००७ मध्यें मायक्रोसॉफ्टनें जाहीर केलें कीं दहावी आवृत्ति निघणार नाहीं. त्या वर्षीं स्पेनच्या भाषेंत काम करणाऱ्या कारागिरांनीं साधन चालूं ठेवण्याविषयीं सह्यांचा अर्ज केला. परंतु मूळ साधनाचें अंतरंग खुलें झालें नाहीं. १३ जानेवारी २०१५ रोजीं कंपनीचें उरलेंसुरलें साहाय्यही संपलें. ह्यांत कंपनीनें कांहीं कपट केलें असें आमचें म्हणणें नाहीं. मालकानें आपलें हित पाहिलें. आपलें हित आपण पाहावयाचें होतें.

येथें कोणी म्हणेल, आमची आज्ञावली तर अजून चालते. हें खरें आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोचीं कामें आजच्या विंडोजवरही चालतात, आणि वीस वर्षें बिनचूक व्याज काढणारी आज्ञावली एका दिवसांत टाकून देणें शहाणपणाचें नव्हे. घाईनें लिहिलेल्या नव्या आज्ञावलींत नव्या चुका शिरतात. परंतु विहिरीचें पाणी एका रात्रींत आटत नाहीं. तें हळूहळू खालीं जातें, आणि ज्यानें मोट बुडते कीं नाहीं एवढेंच पाहिलें, त्यास तें उशिरां कळतें.

प्रथम कारागीर कमी होतात. नवीन मुलें मावळतें साधन शिकत नाहींत. शेवटीं तालुक्यांत एखादाच जाणता उरतो. तो सांगेल ती मजुरी, आणि तो आजारी पडला तर काम बंद. दुसरें, पायाखालची जमीन बदलते. डॉसच्या काळांतील फॉक्सप्रो ६४-बिट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विंडोजवर सरळ चालत नाहीं, आणि २०२१ सालीं निघालेली विंडोज ११ तेवढ्याच एका प्रकारांत मिळते. जुन्या प्रकारांतही मिळणाऱ्या विंडोज १० चें सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. म्हणून कित्येक ठिकाणीं जुनें यंत्र केवळ एका आज्ञावलीसाठीं जपून ठेवावें लागतें. त्याची तबकडी बिघडली कीं सर्व खोळंबा. तिसरें, फॉक्सप्रोच्या एका कोष्टकाची फाईल दोन गिगाबाइटपलीकडे वाढूं शकत नाहीं.

चौथी अडचण आपल्या भाषेची आहे. फॉक्सप्रोस युनिकोड ह्या सर्वमान्य लिपिसंकेताचें पाठबळ नाहीं. त्यामुळें मराठी नांवें विशिष्ट फाँटाच्या खाजगी संकेतांनीं लिहिलीं गेलीं. तो फाँट नसला कीं सभासदाच्या नांवाच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसतो. कर्ज फेडल्याची नोंद आहे, रक्कम आहे, पण ती कोणाची हें वाचतां येत नाहीं! बेबाकीचा दाखला मागावयास आलेल्या शेतकऱ्यास हें कसें सांगावें?

हा विचार आतांच करण्यास एक कारण आहे. २९ जून २०२२ रोजीं केंद्र सरकारनें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटि रुपयांची मंजुरी दिली. ज्या संस्थेचे हिशेब जुन्या आज्ञावलींतून नव्या व्यवस्थेंत न्यावयाचे, तेथें चूक झाली तर ती पुढें वर्षानुवर्षें तशीच राहील.

तेव्हां आमच्या सूचना अशा आहेत. आपली आज्ञावली कोणत्या साधनाच्या कोणत्या आवृत्तींत आहे, हें चिटणीसांनीं लिहून सभेपुढें ठेवावें. तिचें मूळ लिखाण संस्थेच्या तिजोरींत असावें व तशी अट करारांत घालावी. तयार आज्ञावली हातीं आहे पण मूळ लिखाण नाहीं, तर तींत फेरफार करणें फार कठीण होतें. दरसाल ३१ मार्चचे हिशेब मिटल्यावर सर्व खातीं साध्या मजकुराच्या फाईलींत, नांवें युनिकोडमध्यें करून, काढून ठेवावींत आणि येणेंबाकीची एक यादी कागदावर छापून सह्या कराव्यात. फॉक्सप्रोच्या साध्या रचनेच्या फाईली लिबरऑफिससारख्या फुकट मिळणाऱ्या साधनानेंही उघडतां येतात. म्हणून नोंदी वांचविणें अद्यापि अवघड नाहीं.

व्याज आकारण्याचे व सवलत देण्याचे नियम मात्र आज्ञावलीच्या पोटांत दडलेले असतात. ते जाणता कारागीर हाताशीं आहे तोंवर सरळ मराठींत लिहवून घ्यावेत. बदल करावयाचा ठरल्यास एक पुरा हंगाम जुनी व नवी आज्ञावली बरोबरीनें चालवावी आणि प्रत्येक खात्याची बाकी ताडून पाहावी.

आणि नवी व्यवस्था कितीही चांगली असली, तरी तिच्या मालकासही हेच प्रश्न विचारावेत: उद्यां तुम्ही हें काम सोडलें, तर आमच्या नोंदी आम्हांस कोणत्या रूपांत व किती दिवसांत मिळतील? उत्तर तोंडी न घेतां करारांत घ्यावें. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आंत संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरतेच. त्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा एक विषय प्रत्येक सभासदानें आग्रहानें घालवावा, अशी आमची विनंती आहे.