छोट्या कॅम्पिंग ट्रेलरमधील ओल: पाणी येते कोठून आणि रोखावे कसे?

अमेरिकेत १९३०च्या दशकापासून हौशी लोक स्वतःच्या गॅरेजमध्ये ‘टीअरड्रॉप’ ट्रेलर बांधत आले आहेत. प्लायवुडच्या भिंती, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत दोघांपुरती गादी आणि मागच्या झाकणाखाली छोटेसे स्वयंपाकघर, एवढाच त्याचा संसार. साध्या मोटारीनेही तो ओढता येतो. त्यामुळे मोजक्या सुट्ट्यांत राष्ट्रीय उद्याने पालथी घालू पाहणाऱ्या नोकरदारांना या ट्रेलरचा मोह पडतो. मात्र ऑक्टोबरातील पहिल्याच थंड रात्रीनंतर अनेकांचा उत्साह मावळतो. सकाळी छतावर थेंब लटकत असतात, खिडकीतून पाणी ओघळत असते, पांघरूण दमट झालेले असते आणि गादी उचलून पाहिली तर तिची खालची बाजू चक्क ओली असते.

पहिला संशय साहजिकच गळतीवर जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा छप्पर धडधाकट असते आणि हे पाणी आत झोपलेल्या माणसांच्याच शरीरातून आलेले असते. ही गोष्ट ध्यानात आली नाही तर उपाय उलट दिशेने केले जातात. फटी बुजवल्या जातात, खिडक्या घट्ट लावल्या जातात आणि ओल आणखी वाढते.

रात्रीचा हिशेब

प्रौढ माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून, घाम न येताही, दिवसाला साधारण ८०० मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. आठ तासांच्या झोपेत दोघांचे मिळून हे पाणी अर्धा लिटर होते. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट उंच ट्रेलरचा गोलावा आणि मागचे स्वयंपाकघर वजा केले तर झोपण्याच्या जागेत सुमारे तीन घनमीटर हवा उरते. १५ अंश सेल्सिअस, म्हणजे ५९ अंश फॅरनहाइट तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे सगळ्या केबिनमध्ये मिळून ४० ग्रॅम! जिथे ४० ग्रॅमची सोय आहे तिथे रात्रभरात ५०० ग्रॅम पाणी सोडले जाते. उरलेले कोठेतरी बसणारच.

ते सर्वांत थंड पृष्ठभागावर बसते. ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते त्याला दवबिंदू तापमान म्हणतात. खिडकीची काच, पत्र्याला भिडलेले स्क्रूचे डोके, दरवाजाची अ‍ॅल्युमिनियमची चौकट हे भाग सर्वांत आधी त्या तापमानाच्या खाली उतरतात. निरभ्र रात्री छताचा पत्रा आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. म्हणूनच पाऊस नसलेल्या, चांदण्या लखलखणाऱ्या रात्रीनंतरही छत ओले दिसते.

कोकणातला अनुभव इथे उपयोगी नाही

मुंबई-कोकणातला पावसाळा पाहिलेल्या माणसाच्या मनात एक समीकरण पक्के असते. ओल बाहेरून येते, म्हणून दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. बरणीतले मीठ पाझरते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, ते बाहेरच्या उष्ण आणि बाष्पाने भरलेल्या हवेमुळेच. सिअ‍ॅटलजवळच्या जंगलातील शरदातली हवाही तशीच ओलीचिंब वाटते. पण ती थंड असते आणि थंड हवेत मुळात फार थोडी वाफ मावते.

बाहेर ५ अंश तापमान आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सहा ग्रॅमच्या आसपासच वाफ असते. हीच हवा आत येऊन १५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आत येते. दाट धुके असले तरी ती फारशी वर जात नाही. म्हणजे बाहेरची ‘ओली’ हवा केबिनपुरती कोरडीच ठरते. तिला आत येऊ देणे आणि श्वासाने जड झालेली हवा बाहेर काढणे हाच मुख्य उपाय आहे. बाकीचे सारे त्याला पूरक.

वायुवीजन किती हवे?

झोपलेली दोन माणसे ताशी साधारण ६५ ग्रॅम वाफ सोडतात. आतील हवेतील वाफ घनमीटरमागे नऊ ग्रॅमवर रोखायची असेल, तर बाहेरून आलेली प्रत्येक घनमीटर हवा जाताना तीन ग्रॅम वाफ घेऊन जाते. या हिशेबाने ताशी वीस-बावीस घनमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १३ घनफूट हवा बदलावी लागते. संगणकात असतो तसला १२ व्होल्टचा छोटा पंखा मंद गतीवर हे काम सहज करतो आणि रात्रभरात बॅटरीतून जेमतेम दोन-तीन अँपिअर-तास वीज घेतो.

महत्त्व पंख्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या जागेला आहे. हवा आत येण्याची वाट खाली, पायांच्या बाजूला असावी. बाहेर जाण्याची वाट वर, छताजवळ आणि शक्यतो डोक्याच्या बाजूला. छताचा झरोका उघडा पण खाली कोठेच फट नाही, अशा ट्रेलरमध्ये पंखा नुसता फिरतो, हवा बदलत नाही. पावसात उघडे राहू शकतील असे झाकणदार झरोके आणि डासांची जाळी बांधतानाच बसवणे सोयीचे. नंतर पत्रा कापणे जिवावर येते.

उघड्या झरोक्यामुळे थंडी वाजेल ही भीती अवाजवी आहे. वर सांगितलेल्या प्रमाणात हवा बदलली आणि आत-बाहेर दहा अंशांचा फरक असला, तर त्यातून जाणारी उष्णता ७० वॅटच्या आसपास असते. झोपलेल्या एका माणसाचे शरीर साधारण तेवढीच उष्णता देते. एक जाडसर दुलई हा तोटा भरून काढते.

याला दुसरेही एक कारण आहे. तीन घनमीटरच्या खरोखर हवाबंद खोक्यात दोन माणसांच्या श्वासाने रात्रभरात कार्बन डायऑक्साइड धोकादायक पातळीला पोहोचू शकतो. ओल नसली तरी झरोके पूर्ण बंद करून झोपणे योग्य नाही.

भिंती उबदार ठेवणे

हवेतील वाफ नऊ ग्रॅमवर रोखली तर दवबिंदू तापमान साडेनऊ अंशांच्या आसपास राहते. आतले पृष्ठभाग त्याहून उबदार असले की थेंब धरणार नाहीत. आत १५ आणि बाहेर ५ अंश असताना पातळ प्लायवुडवर थेट पत्रा लावलेल्या भिंतीची आतली बाजू सुमारे नऊ अंशांवर येते. मधे एक इंच जाडीचा एक्सपीएस फोम घातला तर तीच बाजू १४ अंशांच्या जवळ राहते. एका इंचाने चित्र पालटते ते असे.

सांगाड्यासाठी अ‍ॅल्युमिनियमपेक्षा लाकूड बरे. अ‍ॅल्युमिनियम पाइनच्या लाकडापेक्षा हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे आतपर्यंत पोहोचलेली धातूची प्रत्येक पट्टी सकाळी थेंबांची रांग दाखवते.

अधिक मोठा धोका मात्र डोळ्यांना न दिसणारा असतो. बाहेरच्या पत्र्यातून वाफ जात नाही. आतल्या प्लायवुडच्या सांध्यांतून भिंतीत शिरलेली वाफ त्या थंड पत्र्याच्या मागे पाणी होऊन बसते आणि लाकूड आतून कुजवते. म्हणून आतले सांधे, दिव्यांच्या वायरींची छिद्रे आणि कोपरे नीट बुजवावेत. फोम पोकळी न ठेवता चिकटवावा. पाणी धरून ठेवणारी काचलोकर इथे टाळावी. आतल्या बाजूला पॉलियुरेथेन वार्निशचे तीन हात द्यावेत आणि प्लायवुडच्या कापलेल्या कडांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पाणी सर्वांत आधी तिथूनच शोषले जाते. भिंती अशा बंद करणे आणि केबिनला झरोके ठेवणे यांत विसंगती नाही; हवा झरोक्यातून जावी, भिंतीतून नव्हे.

गादीचे दुखणेही याच जातीचे आहे. शरीराची वाफ फोममधून खाली झिरपते आणि थंड फरशीवर पाणी होते. गादीखाली लाकडी पट्ट्या किंवा हवा खेळेल अशी जाळीदार चटई घालावी आणि सकाळी गादी उभी करून ठेवावी.

ऊब कशाची?

गॅसच्या शेगडीने केबिन गरम करण्याचा विचार मनातून काढून टाकावा. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे शेगडी ऊब देता देता ओलही वाढवते. शिवाय लहान जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका जिवावर बेततो. कोळशाची शेगडी तर आत कधीच नेऊ नये. धुराडे बाहेर सोडलेला आणि ज्वलनासाठी बाहेरचीच हवा घेणारा हीटर, किंवा कॅम्पवर वीज असल्यास छोटा विजेचा हीटर, केबिन गरम करतो आणि आर्द्रता वाढवत नाही. हीटर कोणताही असो, बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवाच.

चहाचे आधण आणि कुकरच्या शिट्या मागच्या स्वयंपाकघरातच राहू द्याव्यात. ओले जॅकेट, टॉवेल आणि बूट यांनाही केबिनमध्ये जागा देऊ नये. बाजारात मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे ओलशोषक डबे उभ्या ट्रेलरमध्ये ठीक. रात्रीच्या अर्ध्या लिटरपुढे त्यांचा निभाव लागत नाही.

ह्यूस्टन किंवा फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात मात्र सगळा नियम उलटतो. तिथे बाहेरची हवा बाष्पाने जड असते आणि वातानुकूलनाने थंड झालेल्या केबिनमध्ये ती शिरली की आत ओल धरते. एसी चालू असताना तिथे झरोके किलकिले ठेवावेत, सताड उघडे नव्हे. कोकणातला अनुभव उपयोगी पडतो तो इथे.

गळती की दव?

ओल पावसानंतरच दिसते, एकाच जागी असते आणि लाकडावर तपकिरी डाग पाडते, तेव्हा ती गळती समजावी. मागच्या झाकणाची बिजागरी, झरोक्याची चौकट आणि छताच्या कडांचे सांधे ही तिची नेहमीची ठिकाणे. थंड रात्रीनंतर सर्वत्र, पण विशेषतः काच आणि धातूवर दिसते ते दव. शंका असल्यास ट्रेलर पूर्ण वाळवून, आत कोणी न झोपता, बाहेरून नळीने पाणी मारून पाहावे. लाकडातील ओल मोजणारे छोटे यंत्रही उपयोगी पडते. वाचन २० टक्क्यांच्या वर टिकून राहिले तर कुजण्याची भीती सुरू होते.

अशा ट्रेलरचे खरे आयुष्य प्रवासात कमी आणि घरासमोर उभे राहण्यात अधिक जाते. परतल्यावर तो दमट अवस्थेत बंद करून ठेवणे सर्वांत घातक. ओले भाग २४ ते ४८ तासांत वाळवले तर बुरशी सहसा धरत नाही. हा अवधी उलटला की तिचा वास आणि दम्याच्या रुग्णांना होणारा त्रास पुढच्या सहलीपर्यंत सोबत राहतो. दरवाजे उघडून दिवसभर वारा द्यावा, गादी-उशा घरात न्याव्यात, झरोके किलकिले ठेवावेत. प्लास्टिकच्या कापडात ट्रेलर घट्ट गुंडाळू नये. झाकायचेच असेल तर हवा जाऊ देणारे आच्छादन घ्यावे.