दारचे वाहन आणि दसऱ्याचे सोने

आज विजयादशमी. दारी झेंडूची तोरणे चढतील, शस्त्रे, पोथ्या आणि अवजारे पाटावर मांडली जातील, आणि अंगणातील वाहनावर हळदकुंकवाची बोटे उमटतील. पूर्वी ही पूजा घोड्याची व रथाची होई, आज ती मोटारीची होते. साधन बदलले, भाव मात्र तोच राहिला. ज्याच्या योगे आपला संसार चालतो त्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, हा या पूजेचा अर्थ होय. परंतु जे वाहन चालतच नाही, वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभे आहे, त्याच्या पूजेचा अर्थ कोणता? आजच्या शुभदिनी आम्ही वाचकांपुढे हाच प्रश्न ठेवीत आहोत.

पुण्याहून पौड रस्त्याने पिरंगुटास यावे आणि मुठा खोऱ्याकडे वळावे, की उरवडे लागते. भातखाचरांच्या या मुलखात कारखाने आले, रस्ते रुंदावले आणि दारोदार मोटारी उभ्या राहिल्या. नवरात्रातील कीर्तनसेवेच्या निमित्ताने आमचे या गावी जाणे झाले, तेव्हा एका सद्गृहस्थांच्या अंगणात अशीच एक मोटार आम्ही पाहिली. मुलगा परगावी नोकरीस, यजमानांनी वयोमानाने गाडी चालविणे सोडलेले. मुळशीच्या पावसाने पत्रा गंजत चाललेला, टायर बसलेले, उंदरांनी तारा कुरतडलेल्या. यजमान म्हणाले, "बुवा, ही गाडी अंध मुलांच्या शाळेला देऊन टाकावी म्हणतो. भंगारात घालण्यापेक्षा पुण्य तरी पदरी पडेल." त्यावर आतून घरच्या माउली म्हणाल्या, "अहो, जी आपल्याला ओढवत नाही ती त्या लेकरांच्या गळ्यात कशाला?"

माउलींचा हा प्रश्न नवा नव्हे. कठोपनिषदाचा आरंभच त्याने झाला आहे. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा याग मांडला. दक्षिणेच्या गाई निघाल्या, त्या कशा? ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध देऊन झाले आणि ज्यांना पुन्हा वासरू होण्याची आशा उरली नाही, अशा. बाल नचिकेत ते पाहत होता. त्याच्या अंतःकरणात श्रद्धेने प्रवेश केला, असे श्रुती सांगते. अशा गाई देणारा आनंदहीन लोकांस जातो, हा विचार मनात येऊन त्याने पित्यास विचारले, मला कोणाला देणार? पुढील सारे ब्रह्मज्ञान या एका बोचणीतून उगवले आहे. आपल्याला नकोसे झालेले दुसऱ्याच्या दारी बांधणे याला दान म्हणावे काय, ही ती बोचणी.

भाष्यकारांनी वाजश्रवसाचा हा याग विश्वजित् म्हटला आहे. योगायोग असा, की दसऱ्याच्या सोन्याशी ज्याचे नाव जोडले गेले त्या रघुराजानेही विश्वजित् यागच केला होता. कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात ती कथा वर्णिली आहे. सर्वस्व देऊन बसलेल्या रघूकडे वरतंतूचा शिष्य कौत्स चौदा कोटींची गुरुदक्षिणा मागावयास आला. त्याचे स्वागत करावयास राजाजवळ सुवर्णपात्र उरले नव्हते. मातीच्या पात्रातून त्याने अर्घ्य दिले. तरी याचकास विन्मुख न पाठविता त्याने कुबेरावर स्वारी करण्याचे ठरविले आणि त्या रात्री तो सज्ज केलेल्या रथातच निजला. प्रातःकाळी पाहतो तो कोशागारात सोन्याचा वर्षाव झालेला! राजा म्हणे, सारे तुझे. कौत्स म्हणे, गुरूचे देणे भागेल त्याहून मला नको. शेवटी ते धन शेकडो उंट आणि घोड्या जोडून राजाने पोचते केले. उरलेले सोने आपट्याच्या झाडाखाली लुटले गेले, ही जोड पुढे लोककथेने दिली आणि आपण आज तेच पान एकमेकांच्या हाती ठेवतो.

याग एकच, यजमान दोन. एकाने निरुपयोगी गाई देऊन मोकळे व्हावयाचे ठरविले. दुसऱ्याने याचकाची गरज विचारली, ती पुरी व्हावी म्हणून रथ सज्ज केला आणि दिलेले धन पोचविण्याची तजवीजही स्वतःच केली. दारच्या निकामी मोटारीचे दान यांपैकी कोणत्या यजमानाच्या वाटेने करावयाचे, एवढाच काय तो निर्णय आहे.

आता घेणाऱ्याचा विचार करू. त्याच पौड रस्त्याने पुण्याकडे परतताना कोथरूड लागते. डॉ. शंकरराव माचवे यांनी १९३४ साली स्थापिलेल्या पुण्याच्या अंधशाळेची मुलींची शाळा तेथे आहे, मुलांची कोरेगाव पार्कात. आळंदीस अंध मुलींची जागृती शाळा आहे. हडपसरनजीक मोहम्मदवाडीस पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनने उभारलेले ह. वि. देसाई नेत्ररुग्णालय आहे. अशा कार्यास वाहन लागते, यात संशय नाही. आजारी मुलास रात्री दवाखान्यात न्यावे लागते. सामानसुमान आणावे लागते. डोळसांच्या एका ग्रंथाचे ब्रेल लिपीत अनेक जाडजूड खंड होतात, ते वाहून न्यावे लागतात. खेड्यापाड्यांतील मोतीबिंदूच्या रुग्णांस शस्त्रक्रियेसाठी नेऊन पुन्हा घरी पोचवावे लागते. परंतु चालक, इंधन, विमा आणि दुरुस्ती यांवाचून मोटार म्हणजे अंगणातला पत्रा होय. चार माणसांची गाडी चाळीस मुलांच्या उपयोगाची कितपत, हाही प्रश्न आहेच.

म्हणून पहिला नियम हा, की विचारल्यावाचून देऊ नये. अंध बांधव दयेचे धनी नव्हेत. विदर्भातील श्री गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली, तरी त्यांनी विपुल ग्रंथरचना केली आणि लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून वंदू लागले. १९१५ साली त्यांनी पुण्यातच देह ठेवला. ज्या समाजाने अशा पुरुषापुढे मस्तक नमविले, त्याने अंधांस काहीही चालेल असे मनात आणणे शोभत नाही. कौत्साला नको म्हणण्याचा अधिकार होता, तसा तो संस्थेसही आहे.

उरवड्याच्या यजमानांनी दुसऱ्याच दिवशी एका संस्थेकडे विचारणा केली. उत्तर नम्र होते, पण स्पष्ट होते: छोटी गाडी ठेवण्यास जागा नाही, चालक नाही, मुलांच्या प्रवासखर्चास मदत झाली तर फार बरे. यजमान क्षणभर हिरमुसले. मग त्यांनी कारागिराकडून गाडी चालती करून घेतली, योग्य किमतीस विकली आणि आलेली रक्कम धनादेशाने पाठविली. आमच्या मते हेच त्या मोटारीचे दान झाले.

वाचकहो, यातून तीन वाटा निघतात. वाहन सुस्थितीत असेल आणि संस्थेस ते हवे असेल, तर दुरुस्त करून द्यावे. गोदानात धेनू सवत्स द्यावी आणि सोबत दक्षिणा ठेवावी, असे आपण मानतो. तद्वत् मोटारीबरोबर निदान एका वर्षाचा विमा, इंधन आणि चालकाचे वेतन यांची तरतूद द्यावी. संस्थेस वाहन नको असेल, तर ते विकून पैसे द्यावेत. जुन्या करप्रणालीने आयकर भरणाऱ्यांस मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या पैशावर ८०-जी या नावाने परिचित असलेली सवलत मिळते. वस्तुरूप दानावर अथवा २००० रुपयांवरील रोख दानावर ती मिळत नाही. तिसरी वाट अगदी जीर्ण वाहनाची. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते, पुढे तपासणीत टिकली तरच ५ वर्षांनी वाढते. जी टिकणार नाही ती, २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदलेल्या वाहन मोडणी केंद्रात द्यावी, प्रमाणपत्र घ्यावे आणि मिळालेले मोल सत्कार्यी लावावे. तिला भंगार म्हणावयास लाजू नये. तिला दान म्हणून दुसऱ्याच्या दारी उभी करणे हे मात्र लाजेचे.

शास्त्रकारांनी दानाची व्याख्या मोठी नेमकी केली आहे. आपले स्वामित्व सोडणे आणि दुसऱ्याचे निर्माण करणे, म्हणजे दान. मिताक्षरेच्या मते घेणाऱ्याचा स्वीकारही त्यास हवा. म्हणजे किल्ली हाती ठेवून हार घातला, छायाचित्र काढले, की दान झाले असे नव्हे. वाहनावरील कर्जाचा बोजा उतरवावा, नमुना २९ व ३० भरून परिवहन कार्यालयात नाव बदलून घ्यावे, विमाही नव्या नावे करावा. नोंदणी ज्याच्या नावे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणी दिला आहे. पूर्वी हातावर उदक सोडीत, आज कागदावर सही करावयाची. दोहोंचा अर्थ एकच, 'न मम'.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांकडूनही येथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अमेरिकेत जुनी मोटार धर्मादाय संस्थेस देण्याची पद्धत रूढ आहे, आणि तेथील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडसारख्या अंधांच्या संस्थाही ती स्वीकारतात. बहुधा गाडी लिलावात विकली जाते आणि पैसा कार्यास लागतो. पूर्वी दाते मनास येईल ती किंमत दाखवून करात सवलत घेत. म्हणून २००५ पासून, संस्थेने गाडी न वापरता विकली आणि सवलत ५०० डॉलरांहून अधिक मागितली, तर प्रत्यक्ष विक्रीत आले तेवढ्याच रकमेचा विचार होतो. दानाचे मोल दात्याच्या अंदाजाने ठरत नाही, घेणाऱ्याच्या हाती काय पडले यावरून ठरते, हे सागरापलीकडील कायद्यासही मान्य करावे लागले. मध्यस्थ असेल तर तो किती ठेवतो आणि अंधांपर्यंत किती पोचते, हेही तेथील आपल्या लोकांनी आधी विचारावे.

कोणी म्हणेल, बुवा, त्या गाडीत आमची लेक सासरी गेली, वडिलांना त्यातूनच पंढरीस नेले. ती विकवत नाही. ही माया आम्ही जाणतो. परंतु ज्या वाहनाने माणसे पोचविली त्याचा मान ताडपत्रीखाली गंजण्यात नाही. त्याच्या मोलातून एखादी दृष्टिहीन मुलगी वेळेवर शाळेत पोचली, एखाद्या आजीच्या डोळ्यांवरचा पडदा दूर झाला, तर ते वाहन अजून चालतेच आहे.

आज सायंकाळी सीमोल्लंघन करावयाचे आहे. गावाची शीव आपण दरवर्षी ओलांडतो, 'माझे' या शब्दाची शीव ओलांडणे कठीण. वाहनावर फूल वाहताना क्षणभर थांबून स्वतःस विचारावे, हे कोणाच्या उपयोगी पडत आहे? उत्तर न सापडल्यास घरातील वडीलधाऱ्यांशी आणि लेकीसुनांशी बोलून आजच संकल्प करावा. आपट्याच्या पानास सोने म्हणण्याचे सामर्थ्य आपल्या परंपरेत आहे. दारच्या लोखंडाचे सोने करणे आपल्या हाती आहे. सोने घ्यावे, सोन्यासारखे राहावे.