पाठीमागचा डोळा : शिवडीच्या गल्लीतून आपल्या गव्हाणीपर्यंत



गळीत हंगाम तोंडावर आलेला असताना आपल्या पत्रिकेत मोटारीच्या भोंग्याची हकिगत कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु ही हकिगत शेवटी आपल्याच वजनकाट्यापाशी आणि गव्हाणीपाशी येऊन पोचते, म्हणून ती सविस्तर सांगत आहो.

मध्यंतरी कामानिमित्त आम्हांस मुंबईस जाणे झाले. मुक्काम शिवडीस, आपल्याच एका सभासदाच्या चिरंजीवांकडे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला सुमारे २२ किलोमीटरांचा सागरी सेतू चिर्ल्याकडून थेट शिवडीत उतरतो, त्यामुळे प्रवास सुखाचा झाला. एका अंगाला खाडीचा चिखल, थंडीत तेथे उतरणारे रोहित पक्षी, दुसऱ्या अंगाला गोद्यांकडे जाणारे ट्रक आणि टँकर, आणि मध्ये जुनी वस्ती. गल्ली एवढी अरुंद, की दोन्ही बाजूंस गाड्या लागल्यावर मधून एक गाडी जेमतेम निघते. पोरांचे क्रिकेटही त्याच गल्लीत, आणि म्हाताऱ्यांची खुर्चीही तेथेच.

चिरंजीवांचा चेहरा उतरलेला दिसला. विचारता कळले, की आठ दिवसांपूर्वी गाडी मागे घेताना शेजारच्या लहानग्याची तीनचाकी सायकल चाकाखाली गेली. "काका, पोरगं पाणी प्यायला उठलं होतं, म्हणून वाचलं. नाहीतर..." पुढे त्यांना बोलवेना. आरशात काही दिसले नव्हते. दिसणारही नव्हते. मागच्या काचेच्या खाली, गाडीला लागून जी जागा असते, ती चालकाला दिसतच नाही, आणि तीन वर्षांचे पोर तेवढ्याच उंचीचे असते.

१ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना मागे घेताना सूचना देणारे संवेदक, म्हणजे सेन्सर, सक्तीचे झाले आहेत. चिरंजीवांची गाडी त्याआधीची. तेव्हा ऑपेरा हाऊसच्या बाजूला मोटारीच्या सामानाची दुकाने आहेत, तेथून त्यांनी एक संच आणला होता : चार संवेदक, एक डबी, एक भोंगा, वायरी आणि भोक पाडायची गोल करवत. रविवारी आम्ही दोघांनी तो बसविण्याचे ठरविले. सूनबाई म्हणाल्या, "काका, गाडीला भोकं पाडणार? बघा हं, परत बुजत नाहीत!" त्यांचे म्हणणे खरेच होते.

आता हे यंत्र चालते कसे? वटवाघूळ अंधारात आवाज सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखते, तीच ही युक्ती. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. संवेदक सुमारे ४० हजार कंपनांचा आवाज सोडतो, म्हणून तो आपल्याला ऐकू येत नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मागे एक मीटरवर भिंत असेल तर आवाजाला जाऊन परत यायला सेकंदाचा हजारावा भाग असे जेमतेम सहा भाग लागतात. डबी तेवढा वेळ मोजते, अंतर काढते आणि भोंगा वाजविते. अंतर कमी तसा भोंगा घाईने वाजतो, आणि साधारण एका फुटाच्या आत आला की अखंड.

ज्यांना हे काम घरी करावयाचे असेल त्यांच्यासाठी आमचा क्रम देतो.

पहिले, बॅटरीची ऋण तार काढण्याआधी दिव्याच्या टेस्टरने मागच्या दिव्याची वायर शोधा. रिव्हर्स गिअर टाकल्यावरच जिच्यात वीज येते, तीच आपली वायर. डबीची लाल तार तिला आणि काळी तार गाडीच्या सांगाड्याला. मात्र गाडी नवी व हमीच्या मुदतीत असेल, तर वायरीला हात लावण्याआधी विक्रेत्यास विचारावे.

दुसरे, आधी सगळे तात्पुरते जोडून पाहा, एकेका संवेदकासमोर हात धरा, चारही बोलतात याची खात्री करा, आणि मगच भोके पाडा. बिघडलेला संच दुकानात परत देता येतो, भोके पाडलेला बंपर देता येत नाही.

तिसरे, मापे. जमिनीपासून दीड ते सव्वादोन फूट उंची, चारही एका रेषेत, सारख्या अंतरावर. बंपरवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर खुणा कराव्या आणि दोनदा मोजावे. बंपरच्या आत लोखंडी आडवी पट्टी असते, ती भोकाच्या मागे येत नाही ना, हे खाली वाकून पाहावे. आधी बारीक भोक, मग गोल करवत, तीही सावकाश.

चौथे, वायरी सायलेन्सरपासून दूर ठेवून, बांधून घ्याव्या आणि डिकीत नेताना रबरी बुचातून न्याव्या, म्हणजे पत्र्याच्या कडेने कापल्या जाणार नाहीत. डबी डिकीत कोरड्या जागी.

एवढे करूनही आमची फजिती झालीच. गाडी मोकळ्या रस्त्यावर मागे घेतली तरी भोंगा थांबेना. गल्लीतली पोरे हसू लागली. तासभर शोधल्यावर सापडले : एका संवेदकावरची 'वर' अशी खूण आम्ही खाली करून बसविली होती, आणि ते बिचारे जमिनीचाच प्रतिध्वनी ऐकत होते. फिरवून बसविले आणि भोंगा गप्प झाला.

त्यानंतर आम्ही खरी परीक्षा घेतली, आणि ती सभासदांनी नीट वाचावी. भिंत, गाडी, उभा माणूस, हे सर्व त्याने ओळखले. बारीक लोखंडी सळई एकदा ओळखली, एकदा नाही. जाड गोधडीचा आवाज नीट परतला नाही. बंपरच्या खाली पडलेली वीट त्याला दिसली नाही, आणि उघडे गटार तर मुळीच नाही, कारण जेथे काही नाही तेथून प्रतिध्वनी कसा यावा? संवेदकावर चिखल बसला तर तो उगाच ओरडतो किंवा मुका होतो. शेजारच्या आजी खुर्चीवरून हे सारे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे माणसानं उतरून बघायचं ते बघायचंच की रे!"

आजींचे ते वाक्य मनात घेऊन आम्ही परत आलो.

सभासद बंधूंनो, आपल्या आवारातली स्थिती आठवा. हंगामात रात्रंदिवस ट्रॅक्टर, ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्या. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली लेकरे. थंडीची रात्र, रांग लांब, आणि दमलेली आई पोराला गाडीच्या आडोशाला निजविते. ऊस भरल्यावर ट्रॅक्टरवाल्याला आरशात काय दिसते? ऊसच. आणि हा संवेदक तेथे कितपत चालेल? ट्रॅक्टरला लावला तर त्याला आपलीच ट्रॉली दिसणार. ट्रॉलीच्या शेपटाला लावला तर लोंबणारे वाढे त्याच्यासमोर येणार आणि तो सारखा ओरडणार. रोज खोटे ओरडणाऱ्या भोंग्याकडे चौथ्या दिवशी कोणी लक्ष देत नाही, हे आपण जाणतो.

म्हणून आमची विनंती साधी आहे. ज्या सभासदांच्या घरी जुनी मोटार आहे त्यांनी संवेदक अवश्य बसवावा, घरच्या घरी बसतो. परंतु कारखान्याच्या आवारात ट्रॉली मागे घेताना एक माणूस मागे उभा केल्याशिवाय रिव्हर्स टाकू नये. माणूस नसेल तर स्वतः उतरून एक फेरी मारावी. अर्धा मिनिट जाईल. रांगेत आठ तास काढणाऱ्याला अर्धा मिनिट जड नाही. तसेच टोळीच्या मुकादमांनी लेकरांना वाहनांपासून दूर निजविण्याची जागा आधी ठरवून घ्यावी, आणि ती जागा उजेडात असावी.

शिवडीचे ते पोरगे पाण्याला उठले म्हणून वाचले. आपल्या आवारातले पोर झोपलेले असते. त्याला पाण्याला कोण उठविणार?