न दुखणारा चट्टा

सिल्वासाहून खानवेलकडे निघालं की वाटेत राखोली लागतं. दमणगंगेच्या काठचं गाव, रस्त्याला कारखाने, आणि कारखान्यांच्या आसऱ्यानं कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. अशा एखाद्या खोलीच्या उंबऱ्याशी आरोग्य कार्यकर्ती बसते, समोरच्याला डोळे मिटायला सांगते आणि बॉलपेनाचं टोक त्याच्या दंडावर हलकंच टेकवते. ‘कुठं लागलं, बोट ठेवा.’ चांगल्या कातडीवर माणूस बरोबर बोट ठेवतो. मग पेन फिकट चट्ट्यावर टेकतं. आता बोट उठत नाही. माणूस डोळे मिटून नुसता वाट बघत बसतो. कुष्ठरोग ओळखायची सगळ्यात स्वस्त तपासणी हीच.

‘कुष्ठरोग? तो तर कधीच गेला!’ हे शिकल्यासवरल्यांच्या तोंडून जास्त ऐकू येतं. त्याला कारण आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशातलं रुग्णांचं प्रमाण दहा हजार लोकांमागे एकाच्या खाली आलं आणि ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन’ झाल्याचं जाहीर झालं. वाक्यातला पहिला भाग गळाला, निर्मूलन तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं. आजही देशात दर वर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, आणि जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात. देशाची सरासरी एकाखाली गेली तरी सिल्वासा-राखोली ज्यात येतात त्या दादरा-नगर हवेलीची गेली नव्हती. २०१४-१५ च्या राष्ट्रीय अहवालात दहा हजारांमागे दोनाहून जास्त रुग्ण दाखवणारे प्रदेश दोनच होते : छत्तीसगड आणि ही चिमुकली हवेली. अर्थात जिथं घरोघरी जाऊन शोधतात तिथं आकडा फुगतोच. शून्य रुग्ण दाखवणाऱ्या तालुक्यापेक्षा मला हा फुगलेला आकडा जास्त विश्वासाचा वाटतो.

दुसरा समज शिवण्याचा. रुग्णाला शिवलं, त्याच्या भांड्यातून पाणी प्यायलं की रोग होतो. खरी गोष्ट अशी की हा जंतू मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातल्या तुषारांतून पसरतो, आणि तोही महिनोन्‌महिने जवळ राहणाऱ्यांत. हस्तांदोलनानं, शेजारी बसून जेवल्यानं होत नाही. शंभरातल्या पंचाण्णव जणांचं शरीर तर त्याला उपजतच दाद देत नाही. बाबा आमटे १९४९ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकायला गेले, तेव्हा प्रयोगासाठी त्यांनी हे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले होते. रोग झाला नाही. उपचार सुरू झाला की थोड्याच दिवसांत रुग्णाकडून संसर्गाची भीती उरत नाही. तरी २०१९ पर्यंत या देशात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं!

मग इतका दुबळा जंतू शतकानुशतकं टिकला कसा? नॉर्वेच्या हान्सेननं तो १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रोगाशी ज्यांचं नातं जोडलं गेलं अशा पहिल्या जंतूंतला हा एक. पण प्रयोगशाळेच्या बशीत तो आजतागायत कुणाला वाढवता आलेला नाही. वाढतो तो उंदराच्या पायाच्या तळव्यात, नाहीतर अमेरिकेतल्या आर्माडिलो नावाच्या अंगानं थंड प्राण्यात. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा कारण उमगलं. क्षयाच्या जंतूचा हा भाऊबंद, पण भावाकडं सुमारे चार हजार चालू जनुकं, तर याच्याकडं सोळाशे. अकराशेच्या वर जनुकं मोडून पडलेली. पडक्या वाड्यातल्या दोनच खोल्या वापरात असाव्यात, तसं. स्वतःचं पोट भरायची सोय गेल्यामुळं तो दुसऱ्याच्या पेशीत घुसूनच जगतो.

घुसतो तोही पहारेकऱ्याच्या खोलीत. जंतू गिळून पचवणं हे ज्या पांढऱ्या पेशींचं काम, त्या याला गिळतात. पण मेणचट वेष्टणामुळं तो पचत नाही, आतच मुक्काम ठोकतो. दुसरा मुक्काम मज्जातंतूंच्या वेष्टणातल्या श्वान पेशींत. त्याच्या अंगावरची खास मेणचट साखर त्या पेशींभोवतीच्या एका प्रथिनाला बरोबर चिकटते. शरीराचे थंड भाग त्याला मानवतात, म्हणून कानाच्या पाळ्या, नाक, हातपाय. आणि घाई मुळीच नाही. आतड्यातल्या ई. कोलायचे वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला बारा ते चौदा दिवस लागतात. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधी वीसही. तोवर ताप नाही, खाज नाही, दुखणं नाही. ज्यानं त्रास होत नाही त्यासाठी कामाची पाळी बुडवून दवाखान्यात कोण जाईल?

‘महारोगात बोटं झडतात.’ झडत नाहीत. मज्जातंतू मेला की हाताला चटका कळत नाही. चुलीपुढं बसलेली बाई नागलीची भाकरी उलटते, तव्याला बोट टेकतं, ती काढत नाही, कारण तिला सांगायला कुणी नाही. फोड येतो, फुटतो, चिघळतो. शेतात पायात काटा मोडतो आणि तीन दिवस तसाच राहतो. रात्री उंदीर कुरतडतो तेही कळत नाही. जखमेत दुसरेच जंतू शिरतात, हाड झिजतं, बोट आखडत जातं. म्हणजे बोट खातात चटके, काटे आणि चिघळलेल्या जखमा. कुष्ठजंतूनं फक्त ओरडणारा माणूस गप्प केलेला असतो. मऊ रबराची एमसीआर चप्पल आणि रोज रात्री दिव्याशी तळपाय बघायची सवय, एवढ्यावर कितीतरी पाय वाचतात.

आता औषधांकडे. ‘गोळ्यांची शरीराला सवय होते, मग त्या लागू पडत नाहीत’ हा समज इतका पक्का आहे की डॉक्टरच्या खुर्चीतूनही तो कधीमधी डोकावतो. सवय शरीराला होत नाही. बदलतो तो जंतू, आणि तोही गोळी खाऊन शहाणा होत नाही. जो आधीपासूनच वेगळा होता तो उरतो. हिशेब मांडून बघा. उपचार न घेतलेल्या, रोग पसरलेल्या रुग्णाच्या अंगात जंतू असतात दहा हजार कोटींच्या घरात. रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू साधारण कोटीत एक निपजतो. ज्या विकरावर औषध जाऊन बसतं त्याची घडण एका ठिकाणी चुकलेली, एवढाच त्याचा पराक्रम. म्हणजे गोळीआधीच असे दहा हजार जंतू अंगात आहेत. एकटं रिफाम्पिसिन दिलं तर बाकीचे मरतील आणि या दहा हजारांना रान मोकळं. पण डॅप्सोनला दाद न देणारा जंतू दहा लाखांत एक. दोन्ही औषधांतून एकदम निसटणारा एक सापडायला दहा लाख कोटी जंतू हवेत. तेवढे अंगात नसतातच.

हे गणित जगानं ठेच खाऊन शिकलं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णांना वर्षानुवर्षं एकटं डॅप्सोन दिलं जाई. १९६४ मध्ये मलेशियातल्या रुग्णांत डॅप्सोनला न जुमानणारा जंतू सिद्ध झाला, मग तो देशोदेशी सापडू लागला. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवला : रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमाइन. आता तो रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा बारा महिने देतात. महिन्यातला एक डोस कार्यकर्त्यासमोर गिळायचा, बाकीच्या गोळ्या पाकिटातून घरी.

घोळ होतो तो घरी. रिफाम्पिसिननं लघवी लाल होते, माणूस घाबरतो. क्लोफाझिमाइननं कातडी काळवंडते. लग्नाच्या मुलीची आई पाकीट फळीवर सरकवते. काहींचे चट्टे मध्येच लालभडक सुजतात, नसा ठणकतात, आणि शेजारी सांगतात, ‘औषध बाधलं.’ बाधलेलं नसतं. शरीराची फौज आता त्या जंतूंवर, मेलेल्यांवरसुद्धा, तुटून पडलेली असते. याला रिअॅक्शन म्हणतात, त्यावर स्टेरॉइड वेगळं देतात, आणि मूळ गोळ्या चालूच ठेवायच्या असतात. लाल लघवी निरुपद्रवी, काळपटपणा उपचार संपल्यावर हळूहळू ओसरतो. पण ठणकणारी नस थांबत नाही. काही दिवसांच्या उशिरानं हाताचा पंजा कायमचा वाकडा होऊ शकतो. राखोलीसारख्या ठिकाणी आणखी एक भानगड : कंत्राट संपलं की कामगार मुलूख बदलतो आणि पाकीट अर्ध्यावर राहतं.

‘घरात एकाला झाला, आता सगळ्यांना होणार’ यावर मात्र या हवेलीनं जगाला काही दाखवलं आहे. २०१५ पासून इथं रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना तपासून, रोग नसेल तर रिफाम्पिसिनचा एकच डोस देण्यात आला. ब्राझील, इंडोनेशिया, नेपाळ, टांझानिया यांच्यासह सात देशांत हा कार्यक्रम झाला, भारताचं ठिकाण दादरा-नगर हवेली. एकूण दीड लाखांहून अधिक लोकांना तो डोस मिळाला. बांगलादेशातल्या आधीच्या चाचणीत अशा डोसानं पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी घटले होते. इथं चाणाक्ष वाचक अडवेल : वर तर एकटं रिफाम्पिसिन नको म्हणालात! बरोबर. पण ज्याच्या अंगात रोग दिसत नाही त्याच्याकडं जंतू मूठभर. कोटीत एक निपजायला आधी कोटभर जंतू लागतात. म्हणून तर डोसाआधी अंग तपासायचं असतं, आणि क्षयाची शंका असलेल्याला तो द्यायचा नसतो.

सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयाला विनोबा भाव्यांचं नाव दिलं गेलं होतं. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढलं, तेव्हा त्यांच्याकडं जंतू मारणारी एकही गोळी नव्हती. आज ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. अंगावर, विशेषतः पाठीवर जिथं आपली नजर जात नाही तिथं, न खाजणारा फिकट किंवा तांबूस चट्टा असेल तर घरच्या कुणाला तरी पेन घेऊन बसवा, आणि तुम्ही डोळे मिटा.