शिटीवाला उमराव आणि आपल्या मांडवातला फोटोवाला

गेल्या वैशाखात तालुक्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली; आणि तेवढ्यात फोटोवाल्याने हात वर करून सगळ्यांना थांबवले. हार घालतानाचा फोटो त्याला नीट मिळाला नव्हता. नवरा-नवरीने गळ्यात पडलेले हार काढले आणि पुन्हा घातले. दुसऱ्या खेपेला नवरी हसलीही, पण ते हसू फोटोवाल्याने सांगितलेले होते. मांडवातल्या पाहुण्यांना तर फोटोवाल्यांच्या तीन पाठी तेवढ्या दिसल्या.

पंगतीत शेजारी बसलेले ओळखीचे कांदा बागाईतदार हळूच म्हणाले, "साहेब, आमचं धाकटं हाच धंदा करायचा म्हणतंय. कॅमेरा आन् भिंगं मिळून तीन लाख लागतात म्हणे. विहिरीवरचा एकर गहाण टाकू का?"

माझा पेशा बियाण्यांचा आणि खतांचा. कॅमेऱ्यातले मला काय कळणार? पण प्रश्न विहिरीवरच्या एकराचा होता, उडवून लावता येईना. "थोडे दिवस थांबा, तात्या. पोराला माझ्याकडे पाठवा," एवढेच म्हणालो.

मुलगा आला. बारावी झालेला, चुणचुणीत. म्हणाला, "मला साध्या लग्नाचे फोटो नाही काढायचे, एडिटोरियल काढायचे." म्हणजे काय, हे त्याच्याकडून आणि नंतर बरेच वाचून जे समजले ते असे. मोठी मासिके एखाद्या विषयावर चित्रमालिका छापतात. पहिल्या मोठ्या चित्रात जागा दिसते, मग माणसे, मग एखादा हात, एखादा दागिना, एखादा चेहरा. शेकडो फोटोंतून संपादक पंधरा-वीस निवडतो आणि त्यांचा क्रम असा लावतो की मजकूर न वाचताही गोष्ट कळावी. 'लाइफ' नावाचे अमेरिकन साप्ताहिक १९३६ पासून अशा चित्रकथांवरच नावारूपाला आले. त्याच पद्धतीने लग्न सांगायचे, ही एडिटोरियल शैली. आपल्याकडे ज्याला सरसकट 'कॅन्डिड' म्हणतात ते याचे भावंड; कॅन्डिडमध्ये फोटोवाला काहीच मांडत नाही, इथे उजेड आणि जागा तो थोडीफार मांडून घेतो.

मासिकातून लग्नाच्या मांडवात आलेल्या माणसाचा नमुना पाहायचा तर इंग्लंडचे पॅट्रिक लिचफिल्ड पाहावेत. जन्म १९३९ चा. घराणे उमरावाचे, स्टॅफर्डशायरमध्ये शगबरो नावाचा वाडा आणि जमीनजुमला. १९६० साली आजोबा वारले आणि उमरावकी या नातवाकडे आली. सोबत वारसाकराचा बोजाही आला आणि तो भागवताना वाडा पुढे नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेला. लिचफिल्ड एका भागात राहत राहिले. तिकडच्या जमीनदारालाही जमीन राखणे सोपे नव्हते, हे तात्यांना सांगितले तेव्हा त्यांना जरा बरे वाटले.

लिचफिल्ड लष्करात अधिकारी होते. १९६२ मध्ये ती नोकरी सोडली आणि छायाचित्रकाराच्या हाताखाली उमेदवारी पत्करली. एवढ्या घराण्यातला मुलगा दुसऱ्याचे दिवे उचलतो आणि अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतो, हे आप्तांना रुचणारे नव्हते. त्यातून पुढे मासिकांची कामे मिळाली आणि 'व्होग' या नामांकित फॅशन मासिकाशी करार झाला. नट, गायक, राजघराण्यातली मंडळी असे सगळ्या तऱ्हेचे लोक त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आले.

मग २९ जुलै १९८१. राजपुत्र चार्ल्स आणि डायाना यांचे लग्न. सेंट पॉल कॅथेड्रलमधला विधी साऱ्या जगाने दूरदर्शनवर पाहिला. राजवाड्यातल्या अधिकृत फोटोंचे काम लिचफिल्डकडे होते. दोन्ही घरची माणसे, युरोपातले राजे-राण्या, करवल्या, लहान मुले. वेळ थोडा आणि कोणी कोणाचे ऐकेना. राणीला "जरा डावीकडे सरका" म्हणून ओरडणार कोण? या गृहस्थाने चक्क शिटी आणली होती. ती वाजवली आणि सारे राजघराणे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहिले.

ती रांगेतली चित्रे छापली गेली, फ्रेम झाली. पण लोकांच्या मनात राहिले ते वेगळेच फोटो. करवल्यांतली सर्वांत लहान, पाच वर्षांची मुलगी पडून रडू लागली. वीस वर्षांची नवरी तो अवजड झगा सांभाळत खाली वाकून तिची समजूत घालते आहे, हा त्यांतला एक. तो शिटीने मिळणारा नव्हता. तो दिसला, कारण १९६२ पासून १९८१ पर्यंतची एकोणीस वर्षे हा माणूस कॅमेऱ्यामागे उभा राहून माणसे न्याहाळत होता. लिचफिल्ड २००५ साली वारले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. लग्नात ढवळाढवळ न करता वार्ताहरासारखे फोटो काढायचे, ही रीत तिकडे डेनिस रेगी यांनी रूढ केली. २१ सप्टेंबर १९९६ रोजी कम्बरलँड नावाच्या बेटावर, वीज नसलेल्या लहानशा लाकडी चर्चमध्ये, दिवंगत अध्यक्ष केनेडी यांच्या मुलाचे लग्न गुपचूप झाले. मुहूर्त लांबला, उजेड संपत आला. जोडपे दाराबाहेर पडले, नवऱ्याने चालता चालता नवरीचा हात उचलून ओठांना लावला आणि रेगींनी तो क्षण टिपला. तीन वर्षांनी, जुलै १९९९ मध्ये, दोघेही विमान अपघातात गेले. "हात पुन्हा एकदा धरा" असे त्या संध्याकाळी रेगी म्हणाले असते, तर काय हाती लागले असते, याचा विचार मी त्या मुलाला करायला लावला.

तो म्हणाला, "साहेब, ही परदेशातली माणसं." म्हटले, बरे, आपल्याकडचे बघ. २०१७ च्या डिसेंबरमध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचे लग्न इटलीत झाले, त्याचे फोटो काढणारे जोसेफ राधिक अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शिकून आधी नोकरी करत होते. तेही थेट राजवाड्याच्या दारात जाऊन उभे राहिलेले नाहीत.

आता हिशेब. हा भाग तात्यांसाठी. लग्नाचा धंदा म्हणजे हंगामी पीक. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो, चैत्र-वैशाखात जोमात येतो, चातुर्मासात शेत मोकळे. एका दृष्टीने हे शेतकऱ्याच्या पोराला सोयीचे, कारण मृगाच्या तोंडावर तो घरी असतो. पण उन्हाळ कांद्याची काढणी आणि लग्नाची दाट तीथ एकाच वेळी येते, तेव्हा मजूर लावावा लागेल, तो खर्चही धंद्याच्याच खात्यावर मांडावा. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने येतो. उभा ट्रॅक्टर आणि कपाटातला कॅमेरा, बँकेला दोन्ही सारखेच. शिवाय नवे मॉडेल आले की जुन्याचा भाव पडतो, जमिनीसारखा तो वाढत नाही. एका दिवसासाठी भिंग भाड्याने मिळते. खरेदीत हात राखायचा तर भिंगात राखावा. एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा कॅमेरा मात्र घ्यावा. कार्ड बिघडले तर पेरणी पुन्हा करता येते तसे लग्न पुन्हा लावता येत नाही.

एकर गहाण टाकायचे राहिले. मुलगा तालुक्याच्या गावी एका फोटोवाल्याकडे हंगामभर मदतनीस म्हणून राहिला. दिवे धरले, वायरी गुंडाळल्या, रात्री दोन वाजता हळदीच्या अंगणातून घरी आला. चुलतबहिणीच्या लग्नात त्याने मालकाचा जुना कॅमेरा मागून घेतला आणि साडेनऊशे फोटो काढून माझ्याकडे आला. मी म्हटले, "कपाशीची विरळणी करतोस ना? एका जागी एकच जोमदार रोप ठेवतोस. कर तसे." त्याला पंधरा दिवस लागले. उपटताना जीव तुटत होता, हे दिसत होते.

राहिले चाळीस. चुलाणाच्या धुरात आचाऱ्याचा घामेजला चेहरा आहे. कान पिळायला निघालेला भाऊ आहे, त्याला स्वतःलाच हसू आवरत नाही. आणि एका फोटोत पाठवणीची गाडी निघून गेली आहे, रिकाम्या मांडवात नवरीचे वडील एकटेच खुर्च्या एकावर एक रचत आहेत. मंडपवाल्याची माणसे बाजूला उभी आहेत, त्यांना कोणी थांबवलेले दिसत नाही, पण पुढेही कोणी येत नाही.

तात्यांनी तो फोटो मोठा करून मागितला. पोराने भावाकडून पैसे घेतले नाहीत. चुलत्याकडून मात्र पूर्ण घेतले. येत्या तुळशीच्या लग्नानंतरची चार लग्ने त्याच्या वहीत लिहिलेली आहेत, भिंग भाड्याचे आहे, आणि विहिरीवरच्या एकरात सध्या कांद्याचे रोप टाकले आहे.