बाहेर उणे 30, आत धावपट्टी

डिसेंबरच्या अखेरीस एडमंटनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारच्या सुमारास मावळतो. शाळा सुटून मूल घरी येईपर्यंत दिवस संपलेला असतो. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांताची ही राजधानी 53 अक्षांशाच्याही वर आहे. थंडीची लाट आली की पारा उणे 30च्या खाली उतरतो. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे 28च्या पलीकडे गेली, की उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठण्याचा धोका असतो. इथली माणसं बर्फात स्केटिंग-स्कीइंग हौसेने करतात, पण चार वर्षांचं पोर आणि सत्तरीचे आजोबा यांना घेऊन रोज संध्याकाळी बाहेर पडणं अवघडच.

कॅनडाची व्यायामाविषयीची शिफारस मात्र हवामान पाहत नाही. 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज किमान 60 मिनिटं व्यायाम करावा आणि मोठ्यांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं. ही मिनिटं हिवाळ्यात आणायची कुठून? उत्तर आहे महापालिकेचं ‘रेक सेंटर’, म्हणजे सार्वजनिक क्रीडा-व्यायाम केंद्र.

या देशाने व्यायाम हा सार्वजनिक प्रश्न मानला, त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली. 1971 मध्ये ‘पार्टिसिपॅक्शन’ ही संस्था स्थापन झाली. 1973 मधल्या तिच्या जाहिरातीत तिशीचा कॅनेडियन साठीच्या स्वीडिश माणसाइतकाच तंदुरुस्त असल्याचं सांगितलं होतं. तुलनेला पक्का शास्त्रीय आधार नव्हता, पण ती देशाला झोंबली. एडमंटनमध्ये पुढे 1978च्या राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि त्यांच्यासाठी बांधलेला शहरातल्या किन्समेन क्रीडा केंद्रातला तलाव नंतर सामान्य नागरिकांना पोहायला मिळाला.

शहराच्या आग्नेय भागातलं मेडोज केंद्र घ्या. पोहण्याचे तलाव, बर्फाची मैदानं, व्यायामशाळा, चालण्या-धावण्याची पट्टी आणि सार्वजनिक वाचनालयाची शाखा, सगळं एकाच छपराखाली. मला यातली खरी कल्पकता मोठेपणापेक्षा या शेजारात दिसते. आपल्याकडे बहुतेक शहरांत मुलाला क्लासला सोडून आई-बाबा बाकावर मोबाईल बघत बसतात. तासभर घाम एकट्या मुलाचाच निघतो. इथे मुलगी पोहायला शिकत असताना आई वरच्या पट्टीवर चालू शकते, बाबा वजनं उचलू शकतात. मूल अगदी लहान असेल तर पालकांनाच पाण्यात उतरावं लागतं. चार महिन्यांच्या बाळापासून तीन वर्षांपर्यंत आई किंवा वडिलांसोबत घ्यायचे वर्ग असतात आणि त्यांत मुलाइतकंच पालकांनाही शिकवतात: बाळाला पाण्यात धरायचं कसं, तोंडावर पाणी आलं तर न घाबरता राहायचं कसं.

आजी-आजोबांचं नातं त्या पट्टीशी जुळतं. कॅनडात राहणाऱ्यांच्या आई-वडिलांना मिळणाऱ्या ‘सुपर व्हिसा’वर आलेले पालक 2022 पासून एका वेळी पाच वर्षं राहू शकतात, त्यामुळे पुण्या-नाशिकहून मुलाकडे आलेल्यांच्या वाट्याला आता सलग अनेक हिवाळे येऊ शकतात. फुटपाथवर गोठलेल्या बर्फावरून पाय घसरणं उतारवयात फार महागात पडतं. म्हणून बाहेरचे बूट दाराशी काढायचे, आतले कोरडे बूट घालायचे आणि सपाट, उजेडाच्या पट्टीवर फेऱ्या मारायच्या. सकाळी बागेत फिरायची सवय असलेल्या माणसाला चार भिंतींत गोल फिरणं आधी कंटाळवाणं वाटतं; दोन-चार ओळखीचे चेहरे रोज दिसू लागले की ते जमतं.

अशा इमारती चालवणं स्वस्त नसतं. बाहेर कडाका असताना एका दालनात बर्फ टिकवायचा आणि शेजारच्या दालनात पाणी कोमट ठेवायचं. या दोन गरजा एकमेकींच्या कामी येतात. बर्फ गोठवताना यंत्र जी उष्णता बाहेर काढतं, तीच अनेक केंद्रांत पाणी तापवायला वापरतात. खर्च तरीही मोठाच, आणि तो फक्त तिकिटांतून निघावा अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. कराचा पैसा त्यात घालतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी एडमंटन महापालिकेची सवलत योजना आहे. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत ही सवलतच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण घरभाडं भरून हातात फारसं न उरणाऱ्या घरातलं मूलच हिवाळाभर टीव्हीसमोर अडकण्याची शक्यता जास्त असते.