भुलाबाईची गाणी : वऱ्हाडातील ओट्यावरील सामूहिक गायनपरंपरा

प्रस्तावना :
भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंतच्या महिन्याभरात अकोला व अमरावती जिल्ह्यांतील गावांत, तसेच शहरांच्या जुन्या वस्त्यांत, सायंकाळी मुलींनी घरोघरी फिरून भुलाबाईची गाणी म्हणण्याचा प्रघात आहे. खानदेशातही तो आढळतो. भुलोबा-भुलाबाई ही शंकर-पार्वतीची लोकरूपे होत. त्यांच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली ओसरीत किंवा ओट्यावर गायला बसतात. या गाण्यांकडे स्त्रीमनाचा आविष्कार म्हणून पाहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु गाणे जेथे म्हटले जाते ती जागा आणि एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाण्याचा क्रम यांचाही स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

स्वरूप व प्रसार :
भोंडल्यात मुली हत्तीच्या चित्राभोवती फेर धरतात. भुलाबाईचे गायन बहुधा बसून, टाळ्या वा टिपऱ्यांच्या ठेक्यावर होते. पेटी-तबल्यावाचून काही अडत नाही. चाल मोजक्या स्वरांत फिरते, ओळ पुन्हा पुन्हा येते आणि अनेक गाण्यांत प्रत्येक कडव्यागणिक केवळ एक नाते बदलते. सासरा, सासू, दीर, नणंद असा तो क्रम असतो. त्यामुळे सहा वर्षांची मुलगीही दुसऱ्या कडव्यापासून साथ देऊ लागते. तिला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

गाणी आटोपली की खिरापत. घरची आई झाकलेला डबा हलवते आणि मुली आवाजावरून पदार्थ ओळखतात. कोरडा की ओला, गोड की तिखट, अशी विचारपूस चालते. हा भाग निव्वळ गमतीचा मानणे बरोबर नाही. जिच्या घरची खिरापत खाल्ली तिला आपल्या ओट्यावर बोलावणे ओघानेच येते. अमेरिकेतील इथाका या गावी २००७ मध्ये ‘पोर्चफेस्ट’ हा उपक्रम सुरू झाला. तेथे वादक ओट्यांवर बसतात व श्रोते घरोघर हिंडतात. वऱ्हाडात मात्र गाणाऱ्याच हिंडतात, म्हणून त्यांतील प्रत्येकीच्या घराला यजमानपणाची पाळी येते.

याच भूमीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) खंजिरी भजनाला १९३५ मध्ये मोझरी येथे स्थापन झालेला गुरुकुंज आश्रम, गुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखा आणि छापील भजने यांचा आधार लाभला. भुलाबाईला असा आधार नव्हता. तिची शाळा म्हणजे ही फेरीच.

आजची स्थिती :
सदनिकांना ओटा नाही, फाटके बंद असतात, संध्याकाळ शिकवणीत जाते आणि सहामाही परीक्षाही याच सुमारास येते. अनेक घरांत महिन्याचा उत्सव दसरा ते कोजागरी किंवा केवळ कोजागरीच्या रात्रीपुरता उरला आहे. दुसरीकडे भुलाबाईच्या गाण्यांच्या स्पर्धा भरू लागल्या आहेत. त्यांमुळे शब्द व चाली तरतात, हे नाकारता येणार नाही. तथापि स्पर्धेत वेळेचे बंधन, सराव केलेला गट, ध्वनिक्षेपक आणि खुर्च्यांवरील श्रोते असतात. सहा वर्षांच्या मुलीने मध्येच सूर मिसळावा अशी तेथे सोय नसते. खिरापतही अल्पोपाहार म्हणून उघड्या ताटलीत येते, ओळखण्याजोगे काही राहत नाही!

महाविद्यालयांतील मराठी विभाग विद्यार्थिनींकडून ही गाणी संकलित करून घेतात, तेव्हा हाती येतात ते बहुधा शब्द. फेरी कोणत्या घरापासून निघे, पहिले गाणे कोणते व उठतानाचे कोणते, डब्यात काय असे आणि गाणे प्रथम कोणाकडून कानावर पडले, याही नोंदी त्याच वहीत व्हावयास हव्यात. हे सविस्तर सांगू शकणाऱ्या बऱ्याच स्त्रियांनी आज साठी-सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या नातींपैकी अनेकींनी गाणी ऐकली आहेत. फेरी पाहिलेली नाही.